आधी सुतार, मग मेकॅनिक

1950 च्या दशकात आपल्या पश्चिम किनाऱ्यावर एकच प्रश्न दोन ठिकाणी विचारला गेला आणि दोन्हीकडची उत्तरं निराळी आली. केरळात कोल्लमजवळच्या नीण्डकरा-शक्तिकुळंगरा भागात 1953 मध्ये भारत-नॉर्वे प्रकल्प सुरू झाला. मच्छीमारांच्या आहेत त्याच होड्यांना इंजिन बसवता येईल, असा सुरुवातीचा विचार होता. तिथल्या होड्या मात्र एकाच ओंडक्यातून कोरलेल्या किंवा फळ्या काथ्याने शिवून केलेल्या. लाटांतून वर घेऊन थेट वाळूवर ओढायच्या. त्यांना कणा नाही, मागे भोक पाडावं असा जाड खांब नाही, इंजिनचे हादरे सोसतील असे वाक, म्हणजे होडीच्या फासळ्याही नाहीत. शेवटी तो नाद सोडून पंचवीसेक फुटी नव्या लाकडी नौका बांधायला घ्याव्या लागल्या. याच सुमारास मुंबई आणि सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर शिडाच्या जुन्या मचव्यांमध्येच इंजिनं बसू लागली आणि चालूही लागली. सातपाटीच्या किंवा वर्सोव्याच्या मचव्याला लांब, सरळ कणा होता. कोळ्यांच्या बोलीत त्याला पठाण म्हणतात. मागे भरभक्कम उभा खांब आणि मधे जवळजवळ ठोकलेले वाक होते. ज्या सुतारांनी तो शिडासाठी बांधला, त्यांनी नकळत इंजिनचीही सोय करून ठेवली होती.

शिडाच्या लाकडी होडीत घरच्या घरी, म्हणजे आपल्या वाडीत, खळ्यात किंवा परदेशातल्या हौशी माणसाप्रमाणे घरामागच्या अंगणात इंजिन बसवायचं, तर या दोन उत्तरांतला फरक आधी समजून घ्यावा लागतो. या विषयावरचं बहुतेक लेखन इंजिनापासून सुरू होतं: कोणत्या कंपनीचं, किती अश्वशक्तीचं, नवं की जुनं. माझ्या मते ही सुरुवातच उलटी आहे. पाच कामांतली चार सुताराची असतात आणि ती चुकली, तर कितीही चांगलं इंजिन आणलं तरी ते होडी खिळखिळी करतं.

त्याही आधी, इंजिन हवंच का, असं विचारणारे लोक आहेत आणि त्यांना वेड्यात काढता येत नाही. जोशुआ स्लोकमने 1895 ते 1898 या काळात ‘स्प्रे’ या होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, इंजिनाशिवाय. नॉर्वेत कॉलिन आर्चरने बांधलेली, 1893 मध्ये पाण्यात उतरलेली बचावनौका वादळात अडकलेल्या मच्छीमारांना केवळ शिडाच्या जोरावर ओढून आणायची. हे जुन्या काळाचं झालं म्हणावं, तर लिन आणि लॅरी पार्डी या दांपत्याने 1968 साली पाण्यात उतरवलेल्या ‘सेराफिन’मध्ये आणि नंतरच्या ‘टॅलेसिन’मध्येही इंजिन बसवलं नाही. दोन्ही होड्या लॅरीने स्वतः बांधलेल्या. बंदरात शिरताना वारा पडला, की ते मागून एक लांब वल्हं चालवायचे. इंजिन नाही म्हणजे कण्याला भोक नाही, तेलाचा वास नाही आणि त्या जागेत पाणी, अन्न, शिडं ठेवता येतात, हा त्यांचा हिशोब होता. आपल्याकडे 2025 च्या मे महिन्यात कारवारला नौदलात दाखल झालेली ‘कौंडिण्य’ हीसुद्धा बिनइंजिनाची. अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून गोव्यात बांधलेली आणि फळ्या काथ्याने शिवलेली. शिवलेल्या सांगाड्याला इंजिनचे हादरे मानवत नाहीत, हा नीण्डकऱ्याचा धडा लक्षात घेता ते योग्यच म्हणायचं.

पण पार्डींना कुठे पोचायची घाई नव्हती. मासे धरणाऱ्याला असते. कोकणातला मच्छीमार पिढ्यानपिढ्या पहाटेच्या मतलई वाऱ्यावर बाहेर जायचा आणि दुपारनंतरच्या खाऱ्या वाऱ्यावर परत यायचा. वेळापत्रक वारा ठरवायचा. खारा वारा उशिरा सुटला किंवा सुटलाच नाही, तर मासळी उन्हात सडायची आणि बाजार हातचा जायचा. इंजिनने वेग दिला त्यापेक्षा वेळ हातात दिला. म्हणून ‘शीड की इंजिन’ हा वाद किनाऱ्यावर कधी फारसा रंगला नाही, तो हौशी नौकावाल्यांच्या मासिकांतच रंगला. आपल्या 1958 च्या व्यापारी नौवहन कायद्याने तर हा वाद एका वाक्यात मिटवला होता: नुसत्या शिडावर चालता येईल एवढं पुरेसं शीड ज्याला आहे ते शिडाचं जहाज, मग त्यात इंजिन असो वा नसो. या व्याख्येत एक शहाणपण आहे आणि ते पुढे किनाऱ्यावर कसं विसरलं गेलं, त्याकडे मी शेवटी येईन.

किती अश्वशक्ती? इथे हौस आणि शेजाऱ्याशी चढाओढ या दोन्ही गोष्टी माणसाला फसवतात. पाणी बाजूला सारत जाणाऱ्या जड होडीच्या वेगाला तिच्या लांबीचीच मर्यादा असते. पाण्याच्या रेषेवरची लांबी फुटांत घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं आणि त्याला 1.34 ने गुणायचं. येतो तो वेग नॉटमध्ये. लांबी 25 फूट असेल, तर वर्गमूळ 5 आणि वेग साधारण 6.7 नॉट, म्हणजे ताशी बारा किलोमीटरच्या थोडं वर. त्याच्या पुढे होडी स्वतःच्याच लाटेचा चढ चढू लागते, मागची बाजू खाली बसते आणि जादा ताकद पाणी ढवळण्यात जाते. या मर्यादेजवळचा शेवटचा एक नॉट मिळवायला तासाचं तेल जवळपास दुप्पट लागू शकतं. वजनाच्या टनामागे 2 ते 4 अश्वशक्ती हा जुना अंदाज आजही खोटा ठरलेला नाही. पाच टनांच्या होडीला 10 अश्वशक्तीत शांत पाण्यात व्यवस्थित चालता येतं, समोरच्या वाऱ्यासाठी आणि लाटांसाठी 15 ते 20 पुरतात. एरिक आणि सुसान हिस्कॉक यांनी 1952 साली पाण्यात उतरवलेल्या तीस फुटी ‘वाँडरर थ्री’मध्ये फक्त 4 अश्वशक्तीचं पेट्रोल इंजिन होतं आणि त्या होडीने दोनदा पृथ्वीप्रदक्षिणा केली. ते इंजिन बंदरात शिरण्यापुरतं होतं, समुद्र ओलांडायला शिडं होती. आपल्याकडे ट्रकचं जुनं इंजिन स्वस्तात मिळतं म्हणून ते होडीत टाकायचा मोह होतो. ते जड असतं, त्याला नौकेचा रिव्हर्स गिअर नसतो आणि खारं पाणी थेट फिरवलं, तर त्याचं बीड आतून कुजतं. स्वस्ताई पहिल्या पावसाळ्यापर्यंतच टिकते.

भोक पाडायचं ठरलं, की मग खरा सुतार लागतो. पंख्याचा शाफ्ट मागच्या खांबातून आणि त्याच्या पोटाशी रचलेल्या ओंडक्यांतून जातो. त्या ओंडक्यांना एकमेकांशी बांधणारे लांब बोल्ट आत लपलेले असतात. ते नेमके कुठे आहेत हे शोधल्याशिवाय गिरमिट लावणं म्हणजे आंधळ्या कोशिंबिरीचा खेळ. आधी दोरी ओढतात: इंजिन जिथे बसणार तिथून, खांबाच्या मधोमध, पंखा जिथे येणार तिथपर्यंत. दोरी दाखवते की इंजिन किती तिरकं बसणार. हा उतार 15 अंशांच्या आत ठेवलेला बरा. शिवाय शिडावर होडी कलते तेव्हा इंजिन चालू असेल, तर तळातलं वंगण एका बाजूला सरकतं, हे शिडाच्या होडीचं वेगळं दुखणं आहे. मग येतं तीन-चार फूट लांब भोक. इथे जुन्या जहाजसुतारांची एक युक्ती मला फार आवडते. नेहमीच्या गिरमिटाच्या टोकाला स्क्रूसारखा काटा असतो. तो लाकडात शिरतो आणि शिरांच्या दिशेने भरकटतो. लांब भोकासाठी ते बिनकाट्याचं गिरमिट वापरत, जे शिरा न पाहता सरळ कापत जातं. आधी बारीक भोक, मग त्यातून दांडा घालून, दोन्ही टोकांना आधार देऊन हाताने फिरवायची कापणी, अशा क्रमाने ते मोठं करायचं. दोन्ही बाजूंनी पाडत मधे गाठायचं ठरवलं, तर ती भोकं बहुधा मिळत नाहीत. भोकातलं उघडं लाकूड तसंच सोडायचं नाही. त्यात धातूची किंवा फायबरची नळी घालायची, नाहीतर समुद्रातले लाकूड पोखरणारे किडे रंग न पोचलेल्या नेमक्या त्याच जागेतून आत शिरतात. खांब फोडायचाच नसेल, तर शाफ्ट एका बाजूने काढायचीही पद्धत आहे. कणा शाबूत राहतो, सुकाणूत खाच पाडावी लागत नाही. त्याची किंमत म्हणजे होडी एका बाजूला पटकन वळते आणि दुसऱ्या बाजूला कुरकुरत.

इंजिनच्या पायाबद्दल एकच नियम पुरे: फळ्यांवर काहीही टेकायचं नाही. शिडाची ओढ डोलकाठीतून आणि दोरांतून साऱ्या सांगाड्यावर पसरते. इंजिनचा धक्का एका जागी बसतो, आणि तोही मिनिटाला हजार-दोन हजार वेळा. म्हणून पायाचे दोन उभे ओंडके जमतील तितके लांब घ्यावेत, वाकांच्या तळाला जोडणाऱ्या आडव्या लाकडांवरून न्यावेत आणि त्या लाकडांना बोल्टने आरपार आवळावेत. पाया आखूड ठेवला, की दोन हंगामांत तिथल्या खिळ्यांची पकड सुटते, फळ्यांमधला ठोकलेला कापूस बाहेर यायला लागतो आणि मालक म्हणतो, होडी म्हातारी झाली. होडी म्हातारी झालेली नसते. जुन्या होडीत इंजिन घालायचं असेल, तर आधी त्या भागातले खिळे काढून पाहणं हाच पहिला खर्च धरावा. गंजून सुईएवढे उरलेले लोखंडी खिळे शिडावर अजून दहा वर्षं काढतील, इंजिनवर नाही काढणार.

आता जुळणीबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण लाकडी होडी फायबरच्या होडीपासून इथे सगळ्यात जास्त वेगळी पडते. इंजिनच्या मागची कपलिंगची चकती आणि शाफ्टवरची चकती एकमेकींना समांतर असायला हव्यात. दोन्ही जवळ आणून चारही बाजूंना फीलर गेज घालून पाहतात. चकतीच्या व्यासाच्या प्रत्येक इंचामागे इंचाचा एक हजारांशापेक्षा जास्त फरक चालत नाही. म्हणजे चार इंची चकतीला चार हजारांश, कागदाच्या एका पानाएवढा. एवढ्या बारकाव्याने वाळूवर बसवलेली जुळणी होडी पाण्यात गेल्यावर टिकत नाही. कोरड्यावर लाकूड आक्रसलेलं असतं, पाण्यात ते फुगतं, फळ्या एकमेकींना दाबतात. वाळूवर टेकूंवर बसलेला कणा पाण्यात उचलला जाताना किंचित बाक बदलतो. आपल्याकडे जून-जुलैत मासेमारी बंद असते आणि होड्या शाकारून ठेवलेल्या असतात. इंजिनचं काम साहजिकच त्याच दिवसांत निघतं. मग नारळी पौर्णिमा आली, की सगळ्यांना समुद्र दिसतो. त्या घाईतही होडी काही दिवस नुसती पाण्यात उभी ठेवावी, कपलिंगचे बोल्ट सोडून जुळणी पुन्हा बघावी, इंजिनच्या पायांखालच्या पातळ पट्ट्या बदलाव्यात आणि मगच निघावं. रबरी लवचीक कपलिंग लावलं, की ही कटकट संपते असं सांगणारे भेटतील. ते चूक झाकतं, ती सुधारत नाही. झिजतं ते शेवटी शाफ्टचं बेअरिंग.

शाफ्ट आत येतो तिथल्या, पाणी अडवणाऱ्या ग्लँडबद्दल नव्या मालकाला नेहमी भीती वाटते, कारण तिथून पाणी ठिबकतं. शाफ्ट फिरताना मिनिटाला दोन-चार थेंब पडायलाच हवेत. त्यांनीच ग्लँडदोरी थंड आणि ओली राहते. थेंब बंद व्हावेत म्हणून नट पिळत राहणारा माणूस शाफ्टवर खाच पाडून घेतो आणि मग खरंच पाणी येतं.

धातूंची गोष्ट त्याहून फसवी. होडीत इंजिन आलं, की खाऱ्या पाण्यात ब्राँझचा पंखा, पोलादी शाफ्ट आणि जुने लोखंडी खिळे एकत्र नांदू लागतात. त्यांत वीज खेळते आणि दुबळा धातू झिजतो. बाजारात पितळेचे स्क्रू स्वस्त मिळतात, पण पाण्याखाली ते वापरू नयेत: पितळेतलं जस्त खारं पाणी खाऊन टाकतं आणि उरतं ते गुलाबी, चिमटीत मोडणारं तांबं. उपाय म्हणून शाफ्टवर जस्ताचा तुकडा लावतात. इतरांच्या वाटचं झिजणं तो स्वतःवर घेतो. इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. लाकडी होडीच्या बाबतीत उलटी बाजूही आहे आणि ती फायबरवाल्यांच्या पुस्तकांत सापडत नाही. जस्त गरजेपेक्षा जास्त लावलं, तर सुरक्षित ठेवलेल्या धातूभोवती क्षार तयार होतो आणि तो लाकडाला मऊ करतो. बोल्टभोवती पांढरी पूड आणि बोटाने दाबलं जाणारं ओलं लाकूड दिसलं, की समजावं, धातू वाचवताना होडी खर्ची पडते आहे. विजेच्या तारांनी सगळे धातू एकमेकांना जोडायचा आग्रह लाकडी होडीत म्हणूनच जरा सबुरीने घ्यावा.

धुराड्याबद्दल थोडक्यात, पण मोठ्या आवाजात. शिडाच्या होडीत इंजिन बहुधा पाण्याच्या रेषेच्या खाली बसतं. थंड करणारं समुद्राचं पाणी धुराबरोबर बाहेर सोडतात. इंजिन बंद झालं, की तेच पाणी नळीतून उलटं ओढलं जाऊन सिलिंडरमध्ये शिरू शकतं आणि पुढच्या वेळी सुरू करताना कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून पाण्याची नळी रेषेच्या बरीच वर, कललेल्या होडीतही वर राहील अशी नेऊन तिथे हवा घेणारी झडप बसवावी लागते. इंजिन बसवताना लोक ही नळी शेवटी, उरलेल्या जागेत कशीबशी फिरवतात. पेट्रोलचं इंजिन असेल, तर धोका आणखी वेगळा: त्याची वाफ हवेपेक्षा जड असते आणि तळात साचून राहते, एक ठिणगी पुरते. डिझेल त्यामानाने सुरक्षित. मात्र गळून तळात गेलेलं डिझेल लाकडात मुरतं आणि मग तिथे रंग धरत नाही. इंजिनखाली धातूचं पसरट भांडं बसवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय, आणि सगळ्यात जास्त टाळला जाणारा.

पंखा इंजिनवर चालताना ढकलतो आणि शिडावर चालताना मागे ओढतो. मोठ्या व्यासाचा, सावकाश फिरणारा पंखा जास्त कार्यक्षम. शिडाला नेमका तोच सर्वांत नकोसा. दोन पात्यांचा पंखा उभा करून खांबाच्या आड लपवणं ही जुनी तोड, मिटणारा पंखा ही नवी आणि महाग. शिडावर जाताना पंखा गिअरमध्ये अडकवून ठेवावा की मोकळा फिरू द्यावा, यावर नौकावाले पिढ्यानपिढ्या भांडत आले. ग्लासगोच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठात 2008 च्या सुमारास केलेल्या मोजमापांत मोकळा फिरणारा स्थिर पात्यांचा पंखा कमी ओढतो असं दिसलं. तरीही आपल्या गिअरबॉक्सचं पुस्तक आधी वाचावं, कारण काही गिअरबॉक्सना इंजिन बंद असताना फिरत राहिल्यास वंगण मिळत नाही.

कण्याला हातच लावायचा नसेल, तर वाटा आहेत. लहान होडीला मागे टांगायचं इंजिन लावतात. केरळच्या किनाऱ्यावर 1980 च्या दशकापासून घासलेटवर चालणारी अशी हजारो इंजिनं आली. ती काढता येतात, चढवता येतात, पण लाटेवर होडीची मागची बाजू उचलली गेली, की पंखा हवेत फिरतो, आणि दोन्ही टोकांना निमुळत्या होडीवर ती टांगायची कुठे हाच प्रश्न. वाळूवर ओढायच्या होड्यांसाठी ‘बंगालचा उपसागर कार्यक्रम’ या लहान मच्छीमारांसाठीच्या प्रकल्पात एक हुशार युक्ती निघाली: डिझेल इंजिन, शाफ्ट आणि पंखा एकाच उचलता येणाऱ्या चौकटीवर, भोवती रबरी घड्यांचं वेष्टण. किनारा आला, की पंखा पोटात घ्यायचा. नीण्डकऱ्यात अडलेल्या प्रश्नाचं हे तीस वर्षांनी आलेलं उत्तर म्हणता येईल. अलीकडची विजेची मोटर जुन्या लाकडी होडीला खरं तर शोभते, कारण हादरे जवळजवळ नाहीत आणि बॅटऱ्यांचं वजन खाली हवं तिथे ठेवता येतं. धक्क्यापासून शिडं उघडण्याइतक्या खोल पाण्यापर्यंत जायचं असेल, तर ती पुरते. दिवसभर मासे धरायला नाही.

आणि शीड? मुंबईत कुलाब्याला सागाच्या लाकडात, बरंचसं हाताच्या हत्यारांनी बांधलेली ‘सुहेली’ 19 डिसेंबर 1964 रोजी नारळ फोडून पाण्यात उतरली. तिचा आराखडा त्याच कॉलिन आर्चरच्या वळणाचा. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनने 1968-69 मध्ये तिच्यातून 312 दिवसांत कुठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, जगात पहिल्यांदा. तिच्यात डिझेल इंजिन होतं आणि प्रवास शिडावर झाला. दोघांनी एकमेकांची जागा घेतली नव्हती. आपल्या मचव्यांत मात्र डोलकाठी आधी आखूड झाली, मग नावाला उरली. मागची निमुळती बाजू इंजिनच्या वजनाने बसते म्हणून ती रुंद होत गेली आणि तशा सांगाड्यावर शीड चढवलं तरी ते नीट ओढेना. मासेमारीची सगळी गणितं डिझेलच्या लिटरवर आली. मच्छीमार संस्थेमार्फत मिळणारा डिझेलवरचा कर-परतावा थकला, की तो आंदोलनाचा विषय होतो. कच्छमधल्या मांडवीची लाकडी जहाजंही याच वाटेने गेली. इंजिन बंद पडल्यावर वाऱ्यावर घरी येऊ शकणारी होडी आज किनाऱ्यावर क्वचित दिसते. नव्याने इंजिन बसवणाऱ्याने निदान एवढं करावं: परबाण (शिडाचा आडवा दांडा) आणि शीड विकू नये, डोलकाठीच्या बुडाशी धुराडं नेऊ नये, सुकाणूला पंख्यासाठी खाच पाडताना त्याचं क्षेत्रफळ फार घटू देऊ नये.

सगळं बसल्यावर पहिली चाचणी समुद्रात घेऊ नये. होडी धक्क्याला जाड दोरांनी बांधून इंजिन गिअरमध्ये टाकावं, हळूहळू पूर्ण गतीपर्यंत न्यावं आणि तळात उतरून पायाच्या लाकडांवर हात ठेवून बसावं. कुठलं लाकूड वेगळं थरथरतं, कुठला बोल्ट घाम गाळतो, ते तिथेच कळतं. मग मोकळ्या पाण्यात, इंजिन आपल्या ठरलेल्या फेऱ्यांपर्यंत पोचतं का ते पाहावं. पोचत नसेल आणि काळा धूर सोडत असेल, तर बहुतेक वेळा दोष इंजिनाचा नसून पंख्याच्या पात्यांना दिलेल्या पिळाचा असतो, आणि तो पीळ कारखान्यात कमी करून मिळतो. पहिल्या 50 तासांनी तेल बदलावं, पायाचे सगळे बोल्ट पुन्हा आवळावेत आणि फीलर गेज घेऊन कपलिंग आणखी एकदा तपासावं.